उशाशी कोण बसणार?

नमस्कार. पुढच्या रांगांत लग्नाच्या वयाची मुलंमुली आणि मागे त्यांचे आईवडील, अशी बैठक बघून बरं वाटलं. मी लग्नं जमवत नाही, समुपदेशकही नाही. मी नर्स होते. सरकारी रुग्णालयात 31 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी लकव्याच्या आणि मेंदूच्या आजारांच्या वॉर्डात. जोडीदार म्हणजे काय, हे मला कळलं ते तिथे, दोन खाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत.

लकवा झालेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाही बदलली तर पाठीला, माकडहाडापाशी, टाचांना जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. रात्रपाळीला आम्ही दोघीजणी, वॉर्ड भरलेला. तेव्हा कूस बदलायची ती घरच्याच माणसाने. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांना शिकवायचो: हात कुठे घालायचा, उशी कुठे सरकवायची. तिसऱ्या रात्री दोनच्या राउंडला गेलं की दिसायचं, कोण मोबाइलचा गजर लावून उठलंय आणि कोण भिंतीकडे तोंड करून झोपलंय.

एक गृहस्थ मी विसरू शकत नाही. ट्रकवर ड्रायव्हर होते. आवाज असा की हाक मारली तर वॉर्ड दचकायचा. बायकोची उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. पेज भरवण्याआधी ते चमच्यातला थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचे. अशा पेशंटच्या लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, त्याला ते कळत नाही, आणि तो श्वासनळीत गेला तर जीवावर बेततं. हे एकदा सांगितल्यावर ते प्रत्येक चार घासांनी तिचा गाल बोटाने तपासायचे. चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, वेणी कशी घालतात? केस गुंतलेत तिचे. ओढले जातात, तिला दुखतं, पण बोलता येत नाही ना." मी दाखवली. पहिली सैल झाली, वाकडी झाली. त्यांनी ती सोडली आणि परत घातली.

त्याच वॉर्डात दुसरे एक होते. शिकलेले, बोलणं गोड, आम्हा सगळ्यांना "मॅडम" म्हणणारे. रोज संध्याकाळी यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि विचारायचे, "डिस्चार्ज कधी?" ते आले की बायको डोळे मिटून घ्यायची.

आता मला सांगा, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात या दोघांपैकी कोण पास झालं असतं? "सुस्वभावी, निर्व्यसनी, सुसंस्कृत" हे शब्द त्या दुसऱ्या गृहस्थांच्याच बायोडेटात शोभले असते. आपण गोड बोलण्याला स्वभाव समजतो. फटकळ माणूस मायाळू असू शकतो, आणि मृदू बोलणारा पायथ्याशीच उभा राहू शकतो. म्हणून बोलण्यावर जाऊ नका.

आपल्या जाहिरातींत एक शब्द वर्षानुवर्षं छापला गेला: गृहकृत्यदक्ष. तो कायम मुलीच्या बाजूला. मुलाच्या बाजूला पगार, फ्लॅट, प्रॅक्टिस. "गृहकृत्यदक्ष वर पाहिजे" असं माझ्या तरी वाचनात कधी आलं नाही. म्हणजे काळजी घेणारा स्वभाव आपल्याला हवा असतो, पण तो सुनेच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. 2019 सालच्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं त्या दिवशी केली असं सांगणाऱ्या बायका 81.2 टक्के होत्या आणि पुरुष 26.1 टक्के. मागे बसलेल्या आयांनो, हा आकडा आपल्या स्वयंपाकघरांत तयार झालाय.

आणि त्याची किंमत आजारपणात मोजावी लागते. अमेरिकेत मेंदूतल्या गाठी, इतर कर्करोग आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक दीर्घ आजार) झालेल्या 515 रुग्णांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. नवरा आजारी पडला तेव्हा जोडी तुटण्याचं प्रमाण 2.9 टक्के होतं. बायको आजारी पडली तेव्हा 20.8 टक्के. देश वेगळा, समाज वेगळा, त्यामुळे ते आकडे उचलून आपल्याला चिकटवायचे नाहीत. पण आमच्या वॉर्डात ज्यांना "माहेरी नेऊन सोडतो" असं सांगून नेलं, त्या बायकांचे चेहरे मला तो अभ्यास वाचताना आठवले. घटस्फोटाच्या कागदावर त्यांची नोंद कधी झाली नसेल.

गंमत नाही, खरंच आश्चर्य वाटावं अशी गोष्ट पुढे आहे. डेव्हिड बस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात 33 देशांतल्या 37 समाजांत मिळून सुमारे 10 हजार लोकांना जोडीदाराचे 13 गुण पसंतीच्या क्रमाने लावायला सांगितले. रूप होतं, कमाई होती, शिक्षण होतं. एकूण निकालात बायकांनीही आणि पुरुषांनीही पहिल्या क्रमांकावर ठेवलं ते दयाळू आणि समजून घेणारं असणं. मनातून सगळ्यांना हेच हवंय. मग स्थळ बघताना ते जातं कुठे? मला वाटतं, पगाराची स्लिप मागता येते, पत्रिका मागता येते, उंची इंचात सांगता येते. दयाळूपणाचा दाखला कुणी देत नाही, म्हणून आपण विचारायचंच सोडून देतो.

यात एक धोका आहे, आणि तो प्रेमात पडलेल्यांना जास्त. मराठीत काळजी करता येते आणि काळजी घेताही येते. करायला मन पुरतं. घ्यायला हात हलवावे लागतात, झोप मोडावी लागते, आणि समोरच्याला नक्की काय हवंय हे आधी विचारावं लागतं. पण काळजीच्या नावाने तिसरंच काहीतरी येतं. "कुठे आहेस? लोकेशन टाक. बरोबर कोण आहे? फोटो पाठव. हा ड्रेस नको." का, म्हटलं तर, "मला तुझी काळजी वाटते." मुलींनो, आणि मुलांनो तुम्हीसुद्धा, हा पहारा आहे. एकदा शांतपणे "नाही" म्हणून बघा. काळजी घेणारा माणूस थोडा हिरमुसेल, पण ऐकेल. पहारा देणारा चिडेल, अबोला धरेल, नाहीतर रडून तुम्हालाच अपराधी करेल. नाही म्हणायचीच भीती वाटत असेल, तर तिथेच थांबा आणि घरात कुणाला तरी सांगा.

मग ओळखायचं कसं? तुमच्याशी कसं वागतो किंवा वागते, यावरून सुरुवातीला फार कळत नाही. त्या दिवसांत सगळेच जपतात. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही अशा माणसाशी वागणं बघा.

1946 सालची नागपूरची गोष्ट तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. मुरलीधर आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, तेव्हा लग्नाच्या विचारात नव्हते. एका लग्नघरी गेले असताना त्यांना दिसलं, की घरातली एक मुलगी सगळी धामधूम सोडून गुपचूप म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करतेय. त्या इंदू घुले. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं आणि त्या साधनाताई झाल्या. ही गोष्ट आपण नेहमी मुलींना सांगतो: बघा, अशा व्हा. मला ती मुलांना सांगायचीय. लग्नाच्या मांडवात दागिने होते, शालू होते, आणि हा माणूस धुण्याच्या दगडापाशी बघत होता. तुमची नजर कुठे जाते?

माझं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे पाहुणे एसटीने आले होते. आमच्या आजोबांना ऐकू कमी यायचं. त्यांनी मुलाला एकच प्रश्न तीनदा विचारला. बाकीचे पाहुणे हसले. त्याने तिन्ही वेळा उत्तर दिलं, आवाज न चढवता. तिसऱ्या वेळी खुर्ची आजोबांच्या जवळ ओढली. त्याची नोकरी कायमची आहे की तात्पुरती, हे मी नंतर विचारलं.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, माझा स्वभाव असा नाही. मला आजारी माणसाजवळ बसवत नाही, किळस येते. मग मी काय करू?" खरं बोलायला धीर लागतो, मला तो मुलगा आवडला. त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

बाळा, वरोऱ्याला पावसात रस्त्यावर पडलेला तुळशीराम, कुष्ठरोगाने हातापायांची बोटं झडलेला, पहिल्यांदा दिसला तेव्हा बाबा आमटेसुद्धा घाबरून पळाले होते. गांधीजींनी ज्यांना "अभय साधक" म्हटलं, ते. मग ते परत गेले, त्याला आडोसा केला, खाऊपिऊ घातलं. पुढे आनंदवन उभं राहिलं ते 6 कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये एवढ्यावर, आणि साधनाताई लहानग्या मुलांना घेऊन त्या माळरानावर राहायला गेल्या. मलाही पहिल्या महिन्यात बेडपॅन उचलताना उलटी यायची. किळस येणं हा दोष नाही. ती हाताला काम लागलं की हळूहळू मागे पडते.

तुझ्या घरी आजी आहे, असं तू म्हणालास. आज गेल्यावर तिच्या गोळ्या बघ. जेवणाआधीची कोणती, नंतरची कोणती, रात्रीची कोणती, ते तिलाच विचार आणि लिहून घे. येत्या रविवारी तिची आठवड्याची डबी तू भर.