इतवारीचा ओटा आणि काचेची भिंत

मंडळी, मागच्या मे महिन्यात मी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. दवाखाना दुसऱ्या माळ्यावर, कॉम्प्लेक्स नवंच. समोरून अख्खी निळी काच, कडेनं एसीपी शीटचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रंगीत पत्र्याचा, लाल पट्टा. जिना काही सापडेना. शेवटी मोबाईलच्या दुकानाला लागून एक बोळ दिसला, भिंतीवर मीटरच्या पेट्या, आणि पार टोकाला जिना. लिफ्ट होती, पण तिच्यापर्यंत जायला चार पायऱ्या चढायच्या. आई ऐंशीची. तिनं कठड्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. काचेतून येणाऱ्या उन्हानं स्टीलचा पाइप तापला होता. मग तिनं पदर हाताला गुंडाळला आणि एकेक पायरी चढली.

गेली तीस वर्षं मी या शहरात इमारतींचे नकाशे काढतोय. त्या जिन्यात मला शरम वाटली. तो जिना माझ्याच पेशातल्या कुणीतरी काढला होता.

आपलं नागपूर 21 अक्षांशावर आहे. 26 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. त्रास देतं ते पश्चिमेचं ऊन. चार-साडेचारला ते तिरपं होतं आणि छज्जाखालून थेट आत शिरतं. म्हणून पश्चिमेला जिना, संडास, लिफ्ट घ्यायची, जाळी लावायची, जागा असेल तर कडुनिंब लावायचा. आपण मात्र रस्ता पश्चिमेला असला की तिकडेच काच लावतो, कारण दर्शनी बाजू ती! काच ऊन आत घेते आणि आतली उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही.

आता कुलरचं बघा. कुलरला एक खिडकी उघडी लागते, आत आलेली हवा बाहेर जायला वाट लागते. काचेच्या बंद गाळ्यात कुलर लावला तर नुसता दमटपणा होतो, अंग चिकचिक करतं. म्हणजे छोट्या दुकानदारालाही एसी घ्यावाच लागतो आणि बिल भरावं लागतं. त्या एसीची गरम हवा कुठे जाते? खाली फुटपाथवरून चालणाऱ्यांच्या तोंडावर.

इतवारी, महाल या आपल्या जुन्या भागांत जुनी दुकानं अजून उभी आहेत, एकदा मुद्दाम जाऊन पाहा. पुढे ओटा, त्यावर सागवानी खांबांची पुढे काढलेली गॅलरी. गिऱ्हाईक सावलीत उभं राहून भाव करतं, आणि ज्याला काहीच घ्यायचं नाही तोही तिथे दोन मिनिटं टेकतो. ते बांधणारे सुतार-गवंडी कॉलेजात गेले नव्हते. त्यांना इथलं ऊन ठाऊक होतं.

एकट्या बिल्डरला दोष देऊन चालणार नाही. गाळा चौरस फुटावर विकला जातो, सावलीला भाव नाही. गाळा घेणारा पुष्कळदा तिथे बसणारा नसतोच, भाड्यानं देणारा असतो. माझ्याकडे येणारा माणूस पहिल्यांदा म्हणतो, ‘सर, एलिव्हेशन दाखवा,’ म्हणजे दर्शनी बाजूचं चित्र. जिना कुठे आहे हे तो सगळ्यात शेवटी विचारतो, आणि आम्हीही तो शेवटीच काढतो. पार्किंगसाठी मंजूर झालेल्या तळघरात माल भरला जातो, गाड्या रस्त्यावर येतात, ते तर आपण रोज भोगतो.

दोन वर्षांपूर्वी एका कापड दुकानदाराला मी तळमजल्यावर सहा फुटांचा व्हरांडा सोडायला लावला. तीस फुटांचं तोंड, म्हणजे 180 चौरस फूट गेले. तो फार चिडला. म्हणाला, ‘एवढी जागा सोडली तं मी कमवू काय?’ महिनाभर आमचा वाद चालला. पहिल्या उन्हाळ्यात त्यानं आपणहून तिथे पाण्याचा रांजण ठेवला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, व्हरांड्यात बाक टाकायचा तर माणसांना जायला किती जागा सोडावी लागेल, हे विचारायला.