घरात इंग्रजी सुरू करण्याआधी

समोर आज आजी-आजोबाच जास्त दिसताहेत. आईबाबा बहुधा अजून लोकलमध्ये लटकत असतील. बरंच झालं, ठाण्यात मूल दिवसभर ज्यांच्यापाशी असतं, ते तुम्हीच.

स्पीच थेरपिस्ट म्हणून मला एक प्रश्न सारखा विचारला जातो. "अडीच वर्षांचा झाला, बोलत नाही. प्लेग्रुपच्या बाई म्हणतात, घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी. ठेवू का?" ठेवली की काय होतं, ते सांगते. आजी गप्प होते. एरवी ती म्हणाली असती, "अरे सोन्या, पोळी कशी टम्म फुगली बघ! थांब, चटका बसेल, आधी फुंकर मार." आता म्हणते, "ईट. हॉट." घरातली सगळ्यात बोलकी व्यक्ती दोन शब्दांवर आली आणि मुलाने मात्र भरभर बोलावं अशी अपेक्षा!

दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे मूल उशिरा बोलत नाही. घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत घरात मराठी, खाली बागेत हिंदी, शाळेत इंग्रजी असतं. मुलांना ते झेपतं. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मोजा. दोन वर्षांच्या सुमारास असे पन्नासेक शब्द आणि 'बाबा गेले', 'अजून दूध' अशा जोड्या यायला हव्यात. 'मला बॉल दे' हेही पूर्ण वाक्यच आहे.

येत नसतील तर भाषा बदलू नका, आधी कान तपासा. "टाळी वाजवली की वळतो हो!" हे मी रोज ऐकते. टाळीचा आवाज मोठा असतो. कमी ऐकणारं मूलही त्याला वळतं. त्याला 'आ', 'ओ' ऐकू येतात, पण 'स', 'श' निसटतात. सतत सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं; मग आज ऐकू येतं, उद्या नाही, आणि आपण म्हणतो, हट्टी आहे. बेरा ही ऐकण्याची तपासणी मूल झोपलेलं असताना होते, त्यामुळे 'अजून लहान आहे' ही सबब चालत नाही. वांद्र्याला अली यावर जंग संस्था 1983पासून वाचा आणि श्रवणाचंच काम करते आहे.

जिभेला वेखंड उगाळून लावण्याबद्दल विचारणार असाल, तर त्याने भाषा येत नाही. तीन वर्षांचं मूल 'काका'ला 'ताता' म्हणतं, त्याचीही घाई नको. 'र' आणि 'ळ' तर आणखी उशिरा येतात.

मोबाईलवरची बडबडगीतं? 2003मध्ये पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून माणूस बोलला, ती बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावर पाहिलेली बाळं काहीच शिकली नाहीत. बाळाने बोट दाखवलं की माणूस तिकडे बघतो, पडदा बघत नाही.

'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. मुलामुलींतला सरासरी फरक अगदी थोडा असतो, वर्षभराचा नव्हे. आणि येत असलेले शब्द मूल विसरू लागलं, हाक मारल्यावर बघेनासं झालं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा.