शातो: किल्ला की वाडा?

नमस्कार, श्रोतेहो. आजचा शब्द फ्रेंच आहे. शातो. स्पेलिंग पाहून पुष्कळ जण ‘चॅटो’ म्हणतात, पण उच्चार शातो. एक असो की दहा, कानाला शातोच.

लॅटिनमधल्या ‘कास्तेल्लुम’वरून, म्हणजे छोट्या किल्ल्यावरून, हा शब्द आला. मधला ‘स’ झिजला आणि लिहिताना ‘आ’वर त्याच्या खुणेची टोपी तेवढी राहिली. पुढे तोफांसमोर तट टिकेनात. सरदारांनी मोठाल्या खिडक्या काढल्या, बागा लावल्या. नाव मात्र तेच राहिलं. म्हणून खरा किल्ला सांगायचा तर फ्रेंच माणूस ‘शातो फोर’ म्हणतो. नुसतं शातो म्हणजे गावाकडचा मोठा, श्रीमंती वाडा. आपल्या गढीचे बुरूज काढा आणि बाग जोडा, की झाला शातो.

आता व्हो-ल-व्हिकोंतची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पॅरिसच्या आग्नेयेला निकोला फूके यानं हा शातो बांधला. फूके म्हणजे चौदाव्या लुईचा अर्थमंत्री. वास्तू ल व्होची, चित्रं ल ब्रँची, बाग ल नोत्रची. फूके म्हणजे त्यांच्या बोलीत खार. म्हणून कुळाच्या चिन्हात खार, आणि खाली ब्रीद, ‘हा कुठवर चढणार नाही?’ १७ ऑगस्ट १६६१ला राजा मेजवानीला आला. वय अवघं बावीस. कारंजी उडाली, मोलिएरचं नवं नाटक बागेत झालं, रात्री आतषबाजी झाली. राजासाठी दालन होतं, पण तो राहिला नाही, त्याच रात्री परतला. फूकेबद्दल त्याच्या मनात आधीपासूनच सल होता. तीन आठवडेही झाले नाहीत, तोच ५ सप्टेंबरला नाँत शहरात फूकेला अटक झाली. पकडणारा कोण? दार्तान्यां! ‘थ्री मस्केटिअर्स’ कादंबरीचा नायक. हो, तो खराखुरा होता. न्यायाधीशांनी हद्दपारी दिली, राजानं ती वाढवून जन्मठेप केली. बाग लावून शातो सजवणारा माणूस आल्प्समधल्या पिन्येरोलच्या किल्ल्यात, शातो फोरमध्ये, कैदी झाला आणि १६८०मध्ये तिथेच वारला.

आणि ते तिघे कलावंत? राजानं त्यांनाच व्हर्सायला, आपल्या राजवाड्याच्या कामाला लावलं. व्हो-ल-व्हिकोंतची संत्र्याची झाडंसुद्धा उचलून नेली. व्हर्सायलाही फ्रेंच लोक शातोच म्हणतात बरं का.

एका दिवसात तीन-तीन शातो दाखवणाऱ्या सहली मला मुळीच पटत नाहीत. एकच बघा, पण बागेत तासभर बसा. आपल्याकडचे वाडेही असेच बघावेत, ओसरीवर टेकून.

असो. हाच शब्द बोर्दोच्या द्राक्षमळ्यांवर, तिथल्या वाइनच्या बाटल्यांवर दिसतो. आपण हवेत इमले बांधतो, फ्रेंच माणूस ‘स्पेनमध्ये शातो’ बांधतो. आणि गावोगावची पाण्याची उंच टाकी? तिला म्हणतात ‘शातो दो’, पाण्याचा शातो.

व्हो-ल-व्हिकोंतला कधी गेलात तर कोरीवकामात नीट बघा. फूकेच्या खारी अजून तिथे आहेत.