मधला मॅक

(टेबलावर निळा-पांढरा पॉवर मॅक. हात पुढे येतो.)

हा 1999 सालचा पॉवर मॅक जी3, ॲपलचा टेबलावरचा संगणक. कडी ओढा. अख्खी बाजू दारासारखी खाली येते, आणि मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किट बोर्ड, त्या दारालाच बसवलेला! स्क्रूड्रायव्हर लागतच नाही. मेमरीच्या पट्ट्या, जास्तीची कार्डं खोचायचे स्लॉट, हार्ड डिस्क, सगळं हाताशी. आणि किंमत 1599 डॉलरपासून.

(दार पुन्हा बंद, पुन्हा उघडं.)

1997 साली स्टीव्ह जॉब्स ॲपलमध्ये परतले, तेव्हा कंपनीच्या मॉडेलांची नुसती खिचडी झाली होती. त्यांनी चार चौकोन आखले. घरगुती आणि व्यावसायिक. टेबलावरचा आणि सोबत नेण्याचा. टेबलावरच्या एका चौकोनात आयमॅक आला, दुसऱ्यात हा दारवाला. पुढे याचाच पुढचा अवतार जी4 आला तरी दार तेच राहिलं, 2004 पर्यंत.

(मॅक मिनी. फटीत पातळ पातं.)

2005 चा मॅक मिनी. साडेसहा इंच लांब-रुंद, दोन इंच उंच, 499 डॉलर. याला दार नाही. रंगारी पुट्टी लावायला वापरतात ते पातं फटीत घालायचं आणि हलक्या हातानं उचकायचं. ऐका.

(कट् असा आवाज. निवेदन थांबतं.)

दुसऱ्या टोकाला 2006 चा मॅक प्रो. ॲल्युमिनियमचा, देखणा, उघडायला सोपा. पण अडीच हजार डॉलरच्या घरात. मग मध्ये काय? आयमॅक, स्क्रीनसकट. ज्याच्या टेबलावर चांगला मॉनिटर आधीच आहे, ज्याला फक्त एक बरं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं तयार करणारं कार्ड) घालायचंय, त्याच्यासाठी काहीच नाही. न आलेल्या या मशीनला चाहत्यांनी नावही देऊन टाकलं: एक्समॅक. ॲपलला ते बनवता येत नव्हतं, असं कोण म्हणेल? नुकतंच तर बनवत होते.

(काळा दंडगोल. खटका सरकतो, कवच वर उचललं जातं.)

2013 चा मॅक प्रो. उंची जेमतेम दहा इंच. आत तीन बाजूंचा धातूचा गाभा, त्याला चिकटून दोन ग्राफिक्स बोर्ड आणि प्रोसेसर, वर एकच पंखा. कवच काढलेलं असताना नजर हटत नाही, हे कबूल. पण कार्डासाठी स्लॉट एकही नाही. एकच मोठं, तापणारं कार्ड या रचनेत मावेना. एप्रिल 2017 मध्ये ॲपलनं मोजक्या पत्रकारांना बोलावून आपली ही अडचण मान्य केली.

ज्यांना थांबणं परवडत नव्हतं ते विंडोजकडे गेले, नाहीतर हॅकिंटॉश, म्हणजे साध्या पीसीवर मॅकची प्रणाली चालवायचा जुगाड, जुळवत बसले.

(चाकांवर सरकणारा मॅक प्रो.)

2019. स्लॉट परत आले, आठ! किंमत 5999 डॉलरपासून. ही चाकं वेगळी विकत घ्यायची, 400 डॉलरची.

(मॅक स्टुडिओ, चहूबाजूंनी.)

2022 मध्ये मॅक स्टुडिओ आला, 1999 डॉलरला. किमतीतली फट बुजली. पण मेमरी प्रोसेसरच्या चिपसोबत एकाच पॅकेजमध्ये. घेताना घेतली तेवढीच. पुढच्या वर्षीच्या मॅक प्रोमध्ये स्टुडिओतलीच एम2 अल्ट्रा चिप होती. स्टुडिओत ती 3999 डॉलरला मिळत होती, प्रोमध्ये 6999 ला. वरचे तीन हजार मुख्यतः स्लॉटचे, आणि त्या स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड घातलं तर चालत नाही.