वृद्धाश्रमांच्या संघटनेत वकिलाचं काम काय?

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वृद्धाश्रम आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा केंद्रं चालवणारे एकत्र येऊन संघटना करतात, तेव्हा कार्यकारिणीत एखादा वकील हवा असं सगळ्यांनाच वाटतं. कोर्टकचेरीची वेळ आली तर आपला माणूस असावा! पण नेमकं तेच त्याला करता येत नाही. वकील ज्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असतो, तिच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने कोर्टात उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियम आहे. शिवाय 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 17 आई-वडिलांच्या निर्वाहखर्चाचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात वकिलाला मज्जाव करतं. या कलमावर उच्च न्यायालयांत वाद झाले आहेत, ते असो.

त्याचं खरं काम तंटा होण्याआधीचं. सर्व सभासद आश्रमांसाठी प्रवेशाचा एकच नमुना करारनामा तयार करायचा आणि तो सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यायचा. महिन्याच्या रकमेत काय येतं आणि काय नाही, हे त्यात फोड करून लिहा : डायपर, औषधं, रात्रीची आया, रुग्णवाहिका. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. अनामत किती दिवसांत परत, तेही लिहा. फोन नंबर दोन घ्या, त्यातला एक तासाभरात पोचू शकेल अशा माणसाचा. पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड आश्रमाने ताब्यात ठेवू नये. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल, तर तो मराठीतून वाचून दाखवला अशी नोंद दोन साक्षीदारांच्या सहीने करावी. विसरभोळेपणा वाढलेला असेल, तर समजून सही करता येते असा त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नाहीतर अंगठ्यावर पुढे शंका घेतली जाते.

मुलाच्या घरचा आणि नोकरीचा पूर्ण पत्ता याच करारनाम्यात हवा. कारण मुलगा कोल्हापूरला असो की गोव्यात, निर्वाहखर्चाचा अर्ज आई-वडील राहतात त्या भागाच्या प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे वर सांगितलेल्या न्यायाधिकरणाकडे, करता येतो. पण निकालाचे 90 दिवस मोजायचे ते मुलाला नोटीस लागू झाल्यापासून, आणि मुदतवाढ एकदाच, 30 दिवसांची. पत्ता चुकला की हे दिवस सुरूच होत नाहीत. मिळणारी रक्कम कायद्याने दरमहा 10,000 रुपयांपर्यंतच आहे, तेव्हा आश्रमाने पूर्ण खर्चाची आशा त्यावर ठेवू नये.

घर किंवा शेत बक्षीसपत्राने मुलांच्या नावे करणाऱ्यांना वकिलाने आधीच सावध करावं. मुलांनी सांभाळ केला नाही तर याच कायद्याच्या कलम 23 खाली व्यवहार रद्द होतो, पण सांभाळ करण्याची अट असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. तरी ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढ्यावर थांबू नका. अट दस्तातच घाला.

आणखी एक कागद : शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, याचं पूर्वनिर्देशपत्र. 2023 पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. त्याची प्रत रहिवाशाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. कपाटात कुलूपबंद राहिली, तर रात्री दवाखान्यात नेताना ती कुणाच्याच हाती लागत नाही.

आणि एखाद्या रहिवाशाची आश्रमाविरुद्धच तक्रार असेल, तर वकिलाने ती स्वतःकडे न घेता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावी. हेल्पलाइनचा नंबर 15100. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.