फुजीच्या पाठीमागची लाट

पडद्यावर दिसणारा हा भिंगाच्या आकाराचा ढग फुजी पर्वतापलीकडे बराच वेळ एकाच जागी उभा आहे, पण त्याच्यातून वारा सतत वाहतो आहे. डोंगर ओलांडताना वाऱ्यात उठलेल्या लाटेच्या माथ्याकडे चढताना हवा थंड होऊन बाष्पाचे थेंब बनतात आणि पलीकडे उतरताना ते विरून जातात. हवा कोरडी असेल, तर ढग बनत नाही. लाट मात्र तेवढीच उंच असते.

5 मार्च 1966 रोजी दुपारी दोनच्या सुमारास बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे बोइंग 707 टोकियोच्या हानेदा विमानतळावरून हाँगकाँगकडे निघाले. धावपट्टीकडे जाताना ते आदल्या रात्री कोसळलेल्या एका कॅनडियन विमानाच्या अवशेषांजवळून गेले. आकाश स्वच्छ असल्याने वैमानिकांनी डोळ्यांनी मार्ग पाहत फुजीच्या बाजूने चढत जाण्याची परवानगी घेतली होती.

फुजीच्या शिखरावर त्या दिवशी वायव्येकडून ताशी 110 ते 130 किलोमीटर वेगाचा वारा वाहत होता. पात्रात बुडालेल्या खडकावरून जाणारे पाणी जसे खडकाच्या पुढे खालीवर होत राहते, तशीच स्थिर थरांतली हवा 3,776 मीटरचा हा एकाकी डोंगर ओलांडल्यावर वातविन्मुख, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या, बाजूला हेलकावे घेते. लाटा मोठ्या झाल्या की त्या फुटतात, त्यांच्या माथ्यांखाली आडवे भोवरे फिरू लागतात आणि काही क्षणांच्या अंतरात विमानाला वर उचलणारा व खाली दाबणारा असे दोन्ही झोत लागतात. विमानातले हवामान रडार पाण्याच्या थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी टिपते, त्यामुळे कोरड्या हवेतल्या या उलथापालथीची खूण त्याच्या पडद्यावर उमटत नाही.

गोतेंबा शहरावर विमानाचे हवेतच तुकडे झाले आणि 124 जणांचा मृत्यू झाला. अवशेषांत एका प्रवाशाची आठ मिलिमीटरची चित्रफीत मिळाली. तिच्यात डोंगर आणि सरोवर स्पष्ट दिसतात आणि मग एकाएकी धूसर चौकटी येतात. शोधासाठी गेलेल्या अमेरिकी नौदलाच्या स्कायहॉक विमानालाही याच परिसरात असे हादरे बसले की त्याच्या त्वरणमापकाने (हादऱ्यांचा जोर मोजणाऱ्या उपकरणाने) गुरुत्वाच्या अधिक नऊ ते उणे चार पट अशी नोंद केली. तपासाचा निष्कर्ष असा की विमानाच्या रचनेने गृहीत धरलेल्या मर्यादेपेक्षा झोताचा भार बराच जास्त होता.

असा संक्षोभ, म्हणजे हवेची उलथापालथ, डोंगराशिवायही उद्भवतो. उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याशेजारी दोन थरांच्या वेगांत फार तफावत पडली की सीमेवरची हवा गुंडाळली जाते. हा पट्टा जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुग्यांच्या साहाय्याने 1920च्या दशकातच मोजला होता. अहवाल एस्पेरांतो या कृत्रिमरीत्या घडवलेल्या भाषेत लिहिल्यामुळे तो परदेशात फारसा वाचला गेला नाही, ही खेदाचीच गोष्ट. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या 2023च्या अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवरील एका ठरावीक बिंदूवर तीव्र संक्षोभाचा वार्षिक काळ 1979 मधील 17.7 तासांवरून 2020 मध्ये 27.4 तासांवर गेला.

जपानच्या अवकाश संस्थेने, जाक्साने, विमानातून लेसर सोडून हवेतील धूलिकणांच्या हालचालीवरून वारा मोजणारे उपकरण तयार केले असून ते सुमारे 17 किलोमीटर पुढचा संक्षोभ ओळखते. ताशी 900 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला यातून जेमतेम एक मिनिट मिळते. तेवढ्यात मार्ग बदलणे जमणार नाही, पण जेवणाची ढकलगाडी अडकवून ठेवायला, कर्मचाऱ्यांनी जागेवर बसायला आणि पट्टे बांधायला तो वेळ पुरतो. प्रवासी विमानांत असे उपकरण आजही नित्याचे झालेले नाही.