खालच्या रांगेतल्या फिती

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘सैनिकाला फिती कशा मिळतात’. फिती म्हणजे पदकांच्या त्या रंगीत कापडी पट्ट्या, छातीवर रांगेनं लावलेल्या. तिकडे येतोच. पण आधी एक तक्रार, कारण ती केल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही.

चौकाचौकांतले शुभेच्छाफलक बघता ना? जवानाचा फोटो कोपऱ्यात नीट बसावा म्हणून छापणारा तो संगणकावर सरळ उलटा करतो, आरशातल्यासारखा. झालं! डाव्या छातीवरच्या फिती उजवीकडे गेल्या. उजवीकडे पदकं कोण लावतं? दिवंगत सैनिकाचे वारस, त्याच्या आठवणीखातर. म्हणजे बिचाऱ्यानं स्वतः कमावलेली पदकं फलकावर दुसऱ्याच कुणाची होऊन बसतात.

शिवाय क्रम उलटतो तो वेगळाच. फितींना लिपीसारखं वळण असतं. सर्वांत मानाची फीत वरच्या रांगेत, बटणपट्टीच्या बाजूला; मग मान उतरत उतरत खांद्याकडे, नंतर खालची रांग. तुम्ही समोर उभे राहिलात की मराठी वाचता तशीच ती वाचायची, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. आणि रांगा पूर्ण भरत नसतील तर अपुरी रांग वर येते, मधोमध. सिनेमातले शिंपी ती खाली टाकतात. त्यांना वाटतं, वाक्य शेवटी संपतं तशी रांगही शेवटीच संपणार!

एकेक फीत सव्वा इंच, म्हणजे 32 मिलिमीटर रुंद. पूर्ण पदक छातीवर लटकतं ते समारंभाला. रोजच्या गणवेशावर फक्त फितीचा तुकडा, उंचीला करंगळीच्या नखाएवढा. बहुतेक फितींचे रंग दोन्ही बाजूंनी सारखे, त्यामुळे उलटी शिवली तरी निभावतं. महावीर चक्राची तशी नाही. अर्धी पांढरी, अर्धी केशरी, आणि केशरी बाजू डाव्या खांद्याकडेच हवी. पट्टीवर चढवताना एकदा फिरली की सगळं मुसळ केरात.

अशोक चक्राच्या घराण्यात मात्र रेघा मोजायच्या. हिरव्या फितीवर केशरी रेघ एक असेल तर अशोक चक्र, दोन असतील तर कीर्ती चक्र, तीन असतील तर शौर्य चक्र. हवालदाराच्या बाहीवरच्या तीन पट्ट्यांचा हिशेब इथे चालत नाही. इथे रेघा कमी, तेवढा मान जास्त. आणि परमवीर चक्राला तर रेघच नाही. साधी जांभळी फीत. नुसती फीत लावायची असेल तेव्हा तिच्या मधोमध इंद्राचं इवलंसं वज्र बसवतात. दधीची ऋषींच्या हाडांचं ते वज्र पदकावर आणलं सावित्रीबाई खानोलकरांनी. बाई जन्मानं स्वित्झर्लंडच्या, विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्या झालेल्या. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअर मंडळींच्या, रामा राघोबा राणे यांना 1948 च्या नौशेरा-राजौरी मोहिमेसाठी मिळालं ते हेच. सावित्रीबाईंवर खरं तर वेगळा तास हवा...

संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता मूळ विषय, धावत धावत.

फीत मिळायचे मुख्य रस्ते दोन. पहिला शौर्याचा. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर सायटेशन, म्हणजे पराक्रमाचं वर्णन करणारी शिफारस, लिहितो. ते ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड असं चढत सेना मुख्यालयात, तिथून संरक्षण मंत्रालयात आणि राष्ट्रपतींकडे जातं. नावं सहसा 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला जाहीर होतात. घोडं अडतं ते लिखाणात. ‘अतुलनीय धैर्य दाखवलं’ एवढ्यानं वरच्या टेबलावर काही कळत नाही. किती वाजता, किती अंतरावरून, समोर कोणतं हत्यार होतं, पाहिलं कुणी, हे लागतं. आणि पाहणारेच त्या रात्री पडले असतील तर?

दुसरा रस्ता दिवस मोजण्याचा. खालची रांग यातूनच भरते, आणि माणूस कळतो तो तिथेच. नऊ हजार फुटांच्या वर एकूण 180 दिवस काढले की उच्च तुंगता पदक. सियाचिनचं वेगळं. सैन्य सेवा पदक खडतर मुलुखासाठी: जम्मू-काश्मीर, नेफा (आताचा अरुणाचल), हिमालय, मरुस्थळ वगैरे. दुसऱ्या मुलुखात गेलात म्हणून दुसरं पदक नाही. त्याच पदकाच्या फितीवर नावाची धातूची पट्टी, म्हणजे क्लास्प, चढतो. दिवस काढले पण त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या अधिकृत नोंदीच्या आदेशात, निघालीच नाही, तर बर्फात काढलेला हिवाळा कागदावर शून्य. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या नोकरीच्या तीन फिती. पुढची आली म्हणून आधीची काढत नाहीत.

वूंड मेडल शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्याला. गाडी घसरून पाय मोडला तर नाही.

आता गंमत बघा. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनाचं पदक 15 ऑगस्ट 1997 ला नोकरीत असलेल्यांना, पंचाहत्तराव्याचं 2022 ला असलेल्यांना. दोन्ही फिती शेजारी दिसल्या की समजा, सुभेदार मेजर साहेबांची किमान पंचवीस वर्षं झालेली, मग वीस वर्षांचीही फीत तिथेच शोधा. आणि पडद्यावरच्या अठ्ठावीस वर्षांच्या कॅप्टनच्या छातीवर पन्नासाव्याची फीत? म्हणजे गडी बाळंतिणीच्या खोलीतूनच भरती झालेला!

संयुक्त राष्ट्रांच्या फिती आपल्या सगळ्या फितींच्या नंतर, शेवटी लावायच्या. त्यांना साधारण नव्वद दिवस पुरतात. दुसरी चिठ्ठी आली. बाकीचं चहाला.